धुराच्या गाडीआधी फ्रीज ओढा

पावसाळा लागला की हिंगोलीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रसंग ठरलेला. चार दिवसांचा ताप, अंग ठणकतंय, डोळ्यांच्या मागे दुखतंय, डेंग्यूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. आणि सोबतचे नातेवाईक धुराची गाडी गल्लीत आली नाही म्हणून चिडलेले.

मी विचारतो, "घरी फ्रीज आहे? त्याच्या मागचा ट्रे शेवटचा कधी धुतला?" मग ते माझ्याकडे असं बघतात, जणू ताप मलाच चढलाय.

राग येईल, पण लिहितो. फ्रीजमधला बर्फ वितळला की ते पाणी नळीतून मागे, कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरतं. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते उडून जावं, अशी योजना असते. पण पावसाळ्याच्या दमट हवेत दिवसातून पन्नास वेळा दार उघडलं, तर उडतं त्यापेक्षा साचतं जास्त. स्वच्छ, स्थिर, आडोशाचं पाणी! एडिस डासाला आणखी काय हवं? गटारात वाढतो तो बहुधा क्युलेक्स, वेगळा डास. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला साधारण ८ ते १० दिवस पुरतात.

तुम्हाला चावलेला डास त्या ट्रेमधलाच होता, असं मी सांगू शकत नाही. कूलर, पाण्याचे ड्रम, गच्चीवरचं जुनं टायर हेही तितकेच दोषी. पण धुरामुळे उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाहीत. आठवड्याने नवी फौज तयार. आणि आपण काय करतो? प्लेटलेट वाढाव्यात म्हणून मिक्सरमध्ये पपईची पानं वाटतो, तीही फ्रीजच्या शेजारीच उभं राहून!

फ्रीजवरचं विणलेलं कव्हर मात्र दर आठवड्याला धुतलं जातं, कारण ते पाहुण्यांना दिसतं. वर ट्रे घाण निघाला की बोल घरातल्या बाईला. अहो, भरलेला फ्रीज ती एकटी ओढणार कशी? घरातल्या पुरुषांनो, आठवड्यातून एक दिवस हे काम तुमचं.

आधी प्लग काढा. अर्धा तास थांबा, कॉम्प्रेसर गरम असतो. ट्रे निघत असेल तर काढा. स्क्रूने बसवलेला असेल तर ओढाताण नको, फडक्याने पाणी टिपून घ्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात. साबण लावून ब्रशने कडा घासा, पुसून कोरड्या करा. त्याच दिवशी कूलर आणि ड्रमही.

आणि ताप आलाच तर मनाने ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका; रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावर पोटात जोराचं दुखू लागलं, सतत उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर रात्र असली तरी निघा.

ट्रेमध्ये वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या, तर ते पाणी मोरीत नको. अंगणात कोरड्या मातीवर ओता.