मूर्तींची वाट आणि विजेचा अदमास
जिते-हमरापूर परिसरातील कारखान्यांतून गणेशमूर्ती भरलेले टेम्पो आषाढसरींत पनवेलच्या दिशेने निघतात, तेव्हा पेंढ्याच्या गादीवर उभ्या असलेल्या त्या मूर्तींच्या काळजीपोटी चालक कर्नाळ्याच्या खिंडीतही गाडी अशा संथ, समतोल गतीने हाकतो, की विद्युत ट्रकांच्या चालकांनी तो वस्तुपाठच मानावा. कारण अशा ट्रकच्या दर्शनी फलकावर उमटणारा उरलेल्या किलोमीटरांचा आकडा म्हणजे दस्तऐवजातील कायम नोंद नव्हे. मागील वाटचालीतील वीजखर्चावरून पुढील मार्गाचा बांधलेला तो अदमास आहे, आणि ऋतू व स्वभाव हे दोन्ही त्यात फेरफार करीत असतात. वैशाखातील उन्हात बॅटरी आणि चालकाची केबिन थंड राखण्यात वीज खर्ची पडते. पावसात पाणी साचलेला रस्ता चाकांना अडवितो. आणि ताशी 40 किलोमीटरचा वेग 60 केला, तर हवेचा अवरोध दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. उलट उतारावर वेळीच पाय सैल सोडणाऱ्यास गाडीची मोटारच जनित्र बनून काही वीज परत देते. ऐनवेळी करकचून ब्रेक दाबणाऱ्याची तीच शक्ती बव्हंशी उष्णता होऊन विरून जाते. केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये विद्युत ट्रकांना प्रत्येकी कमाल 9.6 लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले, हे उचितच झाले. परंतु त्या द्रव्याचे सार्थक व्हावयाचे, तर चालकांना ऋतुमानाचा आणि स्वतःच्या पायाचा हिशेब शिकविण्याची तजवीजही तितक्याच आस्थेने व्हावयास हवी.