आधी तपास, मग इंजेक्टर
आठ-दहा वर्षं वापरलेली डिझेल गाडी. सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, सिग्नलला उभी असली की इंजिन थरथरतं, घाटात पिकअप मिळत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, पडद्यावर 'पी०२०३' उमटतं आणि निकाल लागतो: इंजेक्टर गेले, चारही बदला. गाडीमालक हजारो रुपये मोजतो. त्यातले निदान काही इंजेक्टर चांगले असण्याची शक्यता मोठी असते.

'पी०२०३' एवढंच सांगतो, की तिसऱ्या इंजेक्टरच्या विद्युत मंडलात दोष आहे. तो इंजेक्टरच्या कॉइलमध्ये असेल, गंजलेल्या कपलरमध्ये असेल किंवा उंदरांनी कुरतडलेल्या वायरीतही असेल. मल्टिमीटर लावून हे थोड्या वेळात कळतं. साध्या पेट्रोल गाडीत मिसिंग असेल, तर संशयित इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहायचा. मिसिंग त्याच्याबरोबर सरकली तर दोष इंजेक्टरचा. जागची हलली नाही, तर प्लग, इग्निशन कॉइल, वायरिंग आणि कॉम्प्रेशन बघायला हवं.

कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं तिथे, मात्र अधिक सांभाळून हात घालावा लागतो. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट इंजिन पुण्याजवळ रांजणगावात आणि हरियाणात मानेसरला बनलं. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत ते बसलं. अशा इंजिनांच्या रेलमधला दाब दीड हजार बारच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बारची. जुन्या पंपाच्या गाड्यांत चालू इंजिनवर एकेका नोझलचा पाइप सैल करून कुठला सिलिंडर मरतोय ते बघत. कॉमन रेलवर हा प्रकार कुणीही करू नये. तिथून सुटलेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते. वरून जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

यावर सुरक्षित पर्याय आहे तो रिटर्न तपासण्याचा. चारही इंजेक्टरांतून परत येणारं डिझेल चार नळ्यांनी चार बाटल्यांत सोडायचं. एक बाटली इतरांपेक्षा भराभर भरली, तर तो इंजेक्टर आतून झिजलेला आहे. त्याच्यामुळे रेलमध्ये दाब तयार होत नाही आणि गाडी स्टार्ट व्हायला छळते. चारही बाटल्यांत डिझेल सारखं आणि थोडंच आलं, तर संशयाची सुई फिल्टर, पंप किंवा प्रेशर रेग्युलेटरकडे वळते. चार बाटल्या आणि काही मिनिटं, एवढाच याचा खर्च.

मग ही चाचणी सगळीकडे का होत नाही? कारण तिचे पैसे द्यायला ग्राहक तयार नसतो. सुट्या भागाचं बिल तो भरतो, पण 'नुसतं बघितलं' त्याचे पाचशे रुपये मागितले की वाद घालतो. मग मेकॅनिक आपली कमाई भाग बदलूनच काढतो. तपासणीची मजुरी वेगळी लावावी आणि ग्राहकाने ती आनंदाने द्यावी. त्या बदल्यात एस्टिमेटवर काय तपासलं आणि काय आढळलं ते लेखी मागावं, काढलेला इंजेक्टर परत मागावा, डिझेल लॅबमधल्या टेस्ट बेंचचा रिपोर्ट बघावा. दर सर्व्हिसला लक्षण नसताना माथी मारलेलं 'इंजेक्टर क्लीनिंग' मात्र सरळ नाकारावं.

इंजेक्टर खरंच बदलायचा झाला, तरी काम तो बसवून संपत नाही. खालचा तांब्याचा वॉशर नवाच हवा. जुना ठेवला तर ज्वलनाचे वायू बाजूने गळतात, काळा डांबरासारखा थर साचतो आणि पुढच्या वेळी इंजेक्टर हेडमधून निघता निघत नाही. बऱ्याच गाड्यांत इंजेक्टरवर कोरलेला कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या संगणकात, भरावा लागतो. तो राहिला तर नवा इंजेक्टर असूनही इंजिन थरथरू शकतं. आणि डिझेल फिल्टरमध्ये पाणी सापडलं, तर आधी टाकी साफ करून घ्यावी, नाहीतर तेच पाणी नव्या इंजेक्टरपर्यंत पोहोचतं.