‘अपडेट लावा’ एवढ्यावर भिवंडीचे भागत नाही

प्रति,
महासंचालक,
भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक (सर्ट-इन),
नवी दिल्ली

महोदय,

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट्स निघतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. भिवंडीत त्या वेळी उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा होतात. कामतघर, पद्मानगरकडे मागांचा खडखडाट चालूच असतो. जवळच्याच एखाद्या घरात, टेबलावरच्या जुन्या संगणकात, ते अपडेट कुणाच्या लक्षातही न येता उतरू लागते.

हा संगणक म्हणायला घरचा. प्रत्यक्षात दिवसा त्यावर मुलगी सीईटीचा अर्ज भरते आणि रात्री तिचे वडील ग्रे कापडाच्या ताग्यांची बिले करतात, टॅलीत नोंदी घालतात, ई-वे बिल काढतात. ज्या गावात घर, कारखाना आणि पेढी एकमेकांना चिकटून आहेत, तिथे घरचा संगणक बंद पडला की धंदाही अडतो. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान कधीही येतो आणि दरमहा जीएसटीआर-१ भरणाऱ्यांची मुदत ११ तारखेची. जून २०२५ मध्ये तो मंगळवार नेमका १० तारखेला होता. म्हणजे रात्री अपडेट आणि उजाडता विवरणपत्राचा शेवटचा दिवस. अशा सकाळी टक्केवारीचा आकडा तासभर एकाच जागी थांबला, तर समोर बसलेल्या माणसाने काय करायचे? याचे उत्तर त्याला त्याच्या भाषेत कुणीही दिलेले नाही.

सर्ट-इन २००४ पासून काम करते आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याने सायबर धोक्यांची सूचना देण्याची राष्ट्रीय जबाबदारी याच संस्थेवर सोपवली आहे. मायक्रोसॉफ्टची अपडेट्स आली की सर्ट-इनचा इशारा निघतो. त्यात त्रुटींची यादी असते, धोक्याची पातळी असते आणि उपाय म्हणून कंपनीने दिलेली योग्य ती अपडेट्स लावावीत, असे सांगितलेले असते. हे सगळे इंग्रजीत. बँकेच्या संगणक विभागाला ते पुरते. धामणकर नाक्यावरच्या घराला पुरत नाही.

अपडेट टाळण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. विंडोजमधले एक मोठे भगदाड बुजवणारे अपडेट १४ मार्च २०१७ रोजी निघाले होते. ज्यांनी ते लावले नाही, त्यांच्यातले हजारो संगणक १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या तावडीत सापडले. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि जेएनपीटीतल्या एपीएम टर्मिनल्सच्या धक्क्यावरचे कंटेनरचे काम ठप्प झाले. भिवंडीची गोदामे याच बंदराच्या मालावर जगतात. त्या हल्ल्यातली आणखी एक गोष्ट इथल्या हिशेबनिसांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. नॉटपेट्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेटमध्येच विष कालवले होते. तेव्हा अपडेट हवेच, पण ते कुठून येते हेही पाहायला हवे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून ते कधीही घ्यायचे नाही. हे दुसरे वाक्य मराठीत ठळकपणे कोण सांगणार?

ते सांगितले जात नाही, म्हणून निर्णय गल्लीतला मेकॅनिक घेतो. त्याच्याकडे दोन उपाय असतात: अपडेटची सेवाच कायमची बंद करून टाकणे, नाहीतर ‘फॉरमॅट मारून’ नवे विंडोज टाकणे. पहिल्याने दार सताड उघडे राहते. दुसऱ्याने टॅलीचा डेटा, लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले एका दुपारी जातात. मेकॅनिकला दोष देणे सोपे आहे, पण त्यालाही कुणी शिकवलेले नाही आणि गिऱ्हाईक दारात ताटकळत उभे असते.

लोकांची भीती निराधार नाही, हेही सर्ट-इनने मोकळेपणी मान्य करावे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या फायलीच पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्याचे वितरण थांबवावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये केबी ५०३४४४१ हे अपडेट अनेक संगणकांवर ८००७०६४३ या आकड्याने संपणारी त्रुटी दाखवून पुनःपुन्हा फसत राहिले. कारण साधे होते. दुरुस्तीसाठी राखलेल्या डिस्कच्या कप्प्यात २५० एमबी मोकळी जागा नव्हती. उपाय मात्र असा की, वापरणाऱ्याने आज्ञा टंकून तो कप्पा हाताने मोठा करावा. एक आज्ञा चुकली तर डिस्कवरचा डेटा धोक्यात. घरगुती ग्राहकाला असा उपाय सांगणे चुकीचे होते. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटनंतर तर दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीचा माउस आणि कीबोर्डच चालेनात. म्हणजे बिघाड झाला की ज्या खोलीत शिरायचे, तिचीच कडी लागली. त्यावरचे तातडीचे अपडेट २० तारखेला, ऐन दिवाळीत आले.

यातून वाट आहे आणि ती अवघड नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधून अपडेट एक ते पाच आठवडे थांबवता येते. बहुतेक माग शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी डेटाची प्रत पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, सी ड्राइव्हवर जागा मोकळी करावी, संगणक यूपीएसवर लावावा आणि मग अपडेट सोडावे. जागा कमी पडली तर ८००७००७० असा आकडा येतो. त्यासाठी फॉरमॅटची गरज नसते, जुन्या फायली हलवल्या की पुरते. संगणक सुरूच होत नसेल तर दुरुस्तीच्या पडद्यावर शेवटचे अपडेट काढून टाकण्याची सोय असते. तिथवर जाण्याआधी डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी चावी कागदावर उतरवलेली हवी. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर कित्येक संगणकांनी सुरू होताना अचानक तीच मागितली होती. आठवडाभर थांबणे शहाणपणाचे, मात्र एखाद्या त्रुटीचा वापर करून हल्ले सुरू झाल्याचे जाहीर झाले असेल तर थांबू नये. हा फरक सामान्य माणसाला स्वतःहून कळत नाही. तो सांगणे हेच सर्ट-इनचे काम आहे.

आता विंडोज १० विषयी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो सहसा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले जुने संगणक बहुतेक या अटीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अपडेट्स जाहीर केली. भारतात त्यासाठी ३० डॉलर किंवा तितक्या किमतीचे रुपये, १००० रिवॉर्ड पॉइंट, नाहीतर संगणकाच्या सेटिंग्जची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ठेवण्याची अट. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या लोकांसाठी ही अट काढली गेली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करत राहिले की पुरे. ब्रुसेल्समधल्या जुन्या संगणकाला जी सवलत मिळाली, ती भिवंडीतल्या जुन्या संगणकाला मिळू नये याला कोणतेही तांत्रिक कारण नाही. ती मागायला हवी, एवढेच.

म्हणून मागणी थेट आहे. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी सर्ट-इनने एक पान मराठीत काढावे. या महिन्यात काय दुरुस्त झाले, कोणते अपडेट कुठे अडते आहे, लगेच लावायचे की शुक्रवारपर्यंत थांबायचे, आणि अडकलेच तर फॉरमॅटच्या आधी काय करून पाहायचे, एवढेच त्यात असावे. भिवंडीत उर्दू आणि तेलुगू बोलणारी घरेही पुष्कळ आहेत. तेच पान त्या भाषांतही हवे. युरोपातली सवलत भारतीय घरांनाही मिळावी, यासाठी इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने आपल्यामार्फत मायक्रोसॉफ्टला लेखी विचारावे आणि मिळालेले उत्तर जाहीर करावे.

पहिले पान येत्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी निघावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
भिवंडीतील एक संगणकधारक