राज बदललं, सातबारा नाही



‘हे सरकार जाऊ द्या, दुसरं आलं की पट्टे भेटतील.’ गावोगावच्या बैठकीत हे बोलणं कानावर येतं. म्हणून या अंकात थोडा इतिहास.

राज बदलणं आपल्याला नवीन नाही. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. वर्धा नदीपलीकडे बाबूराव शेडमाके इंग्रजांशी लढले. 21 ऑक्टोबर 1858 ला त्यांना चांद्यात फाशी झाली. पुढे जंगल ‘राखीव’ झालं. 10 जुलै 1930 ला पुसदच्या राखीव जंगलात बापूजी अण्यांनी गवत कापून कायदा मोडला, तुरुंगात गेले. 1947 ला इंग्रज गेला. त्याचा 1927 चा जंगल कायदा मात्र राहिला. त्यानंतरही गवताचा भारा दिसला की नाकेदार विळा हिसकायचा. पुसदचेच वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते, 1991 ते 1993 पुसदचेच सुधाकरराव नाईक होते. मुंबईची खुर्ची एवढी जवळ आली, तरी आपला प्लॉट आपल्या नावावर चढला नाही.

समुद्रापार वेस्ट इंडीजमध्ये हैती नावाचा लहान देश आहे. तिथं आफ्रिकेतून माणसं विकत आणून फ्रेंच मालक उसाच्या मळ्यात राबवत. 1791 ला हे गुलाम उठले, तेरा वर्षं लढले आणि 1 जानेवारी 1804 ला स्वतंत्र झाले. पण नव्या राज्यकर्त्यांनीही त्यांना मळ्यातच जुंपलं. 1825 ला फ्रान्सने लढाऊ जहाजं पाठवून मालकांची भरपाई म्हणून 15 कोटी फ्रँक कबूल करून घेतले. गुलामानेच मालकाला भरपाई द्यायची! 1826 ला कायदा केला : शेतमजुराने मळा सोडायचा नाही. त्यानंतर किती सेनापती आले न् गेले. 1990 च्या डिसेंबरात लोकांनी आरिस्टीड नावाच्या गरिबांच्या पाद्र्याला निवडून दिलं. गादीवर बसून आठ महिने झाले नाहीत, तर 30 सप्टेंबर 1991 ला लष्कराने त्यांना हाकललं.

पण एक गोष्ट टिकली. हैतीचे लोक डोंगरात गेले, लहान-लहान तुकडे वाहू लागले. 1826 चा कायदा कागदावरच राहिला. कोणत्याच सेनापतीला त्यांना जुन्यासारखं मळ्यात कोंडता आलं नाही.

आमचं म्हणणं एवढंच. मत द्या, जरूर द्या. पण राजधानीत एका माणसाच्या हातात ठेवलेला हक्क एका रात्रीत जातो. गावाने धरून ठेवलेला जात नाही.

31 मार्च 1978 पर्यंतची अतिक्रमणं कायम करायचं सरकारनेच 1978 च्या डिसेंबरात ठरवलं. तेव्हा जुन्या दंडाच्या पावत्या फेकू नका. दंड भरला म्हणजे जमीन आपण वाहत होतो, हे त्यांनीच लिहून दिलं. पावती पेटीत ठेवा, नक्कल संघटनेकडे द्या. कोण कुठलं वावर कधीपासून वाहतो, याची यादी पोडावर बसून सगळ्यांसमोर करा. एकट्या बाईचं वावर असेल तर तिचं नाव आधी लिहा. अंगठा द्यायच्या आधी कागद वाचून घ्या. तहसीलला एकटं कोणी जाऊ नका, गाव जाऊ द्या.

सरकार कोणाचंही येवो, यादी आपली तयार पाहिजे.