इंग्रजी व्याकरणाचा बागुलबोवा

मालेगांव म्हटलें कीं परक्या माणसास नाशिक जिल्ह्यांतलें मालेगांव आठवतें. आम्ही आज लिहीत आहों तें वाशीम जिल्ह्यांतल्या, आमच्या वऱ्हाडांतल्या मालेगांवाविषयीं. येथला कुणबी, माळी, तेली, सुतार, शिंपी आपल्या पोरास इंग्रजी यावें म्हणून काय काय करतो, हें आम्ही रोज पाहतों. भाव पडलेला असतांही तो सोयाबीनचीं पोतीं विकतो आणि शिकवणीची फी भरतो. कोणी तर उसनवारी करून पोराला इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या पिवळ्या मोटारींत बसवितो. एवढें करूनही पोर दहावीच्या परीक्षेस बसलें कीं घरांत एकच धास्ती: बाकीचे विषय निघतील, पण इंग्रजी निघेल काय?

अशा एखाद्या मुलाची वही वाचकांनीं उघडून पाहावी. 'सांगितल्याप्रमाणें बदल करा' या प्रश्नाखालीं कर्तरीचा कर्मणी केलेला आढळेल, होकारार्थी वाक्याचें नकारार्थी केलेलें आढळेल, आणि पुष्कळ ठिकाणीं तें बरोबरही असेल. आतां त्याच मुलास म्हणावें, "बाबा, पीकविम्याचे पैसे जमा झाले नाहींत, बँकेच्या साहेबास चार ओळी इंग्रजींत लिहून दे." पेन हातांत राहतें, कागद कोरा राहतो. बाप मनांत म्हणतो, पोर ढ आहे. पोर मनांत म्हणतें, आपल्या डोक्यांत हें शिरायचेंच नाहीं. दोघेही चुकतात.

दोष शिकविण्याच्या रीतीचा आहे. अर्थ कळो न कळो, घोकावें. उच्चार चुकला कीं पाप. आणि सूत्र कां असें विचारणारा उद्धट, हा विद्येचा जुना दंडक आमच्या देशांत फार दिवस चालला. तोच दंडक इंग्रजीच्या वर्गांत नवा सदरा घालून बसला आहे. 'नाम म्हणजे काय?' असें विचारतांच चाळीस मुलें एका सुरांत व्याख्या म्हणतात, आणि त्यांतल्या एकासही बाहेरच्या लिंबाच्या झाडाविषयीं एक वाक्य बोलतां येत नाहीं. व्याकरण हें अवजार आहे. विळा कशानें बनतो याची व्याख्या पाठ करून कोणी ज्वारी कापली आहे काय?

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें जें निवेदन केलें, त्यांत खेड्यांतल्या प्राथमिक शाळेंत काय शिकवावें याची यादी आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास व भूगोल यांची तोंडओळख, व्याकरण, आणि त्याच यादींत शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति व आरोग्य. व्याकरण आणि शेती एका पंक्तीस बसविणारा हा पुरुष स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत इंग्रजी शिकला होता. सावित्रीबाईंनीं १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहांत इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. ज्या काळीं एका भाषेचें व्याकरण जातीच्या कुलपांत होतें, त्या काळीं दुसऱ्या भाषेचा दरवाजा उघडा दिसला आणि ते त्यांतून आंत गेले. पुढें एल्फिन्स्टन हायस्कुलांत आंबेडकरांस संस्कृत शिकूं दिलें नाहीं, त्यांस फारसी घ्यावी लागली. इंग्रजीवर मात्र त्यांनीं असें प्रभुत्व मिळविलें कीं सारें जग त्यांचे ग्रंथ वाचतें. आमच्याच वऱ्हाडांत अमरावती जिल्ह्यांतल्या पापळ गांवचे पंजाबराव देशमुख शेतकऱ्याच्या घरांतून निघून ऑक्सफर्डास पोंचले आणि तेथें वेदवाङ्मयांतील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. तेव्हां हें व्याकरण आमच्या रक्तास मानवत नाहीं, ही गोष्ट कोणी आम्हांस सांगूं नये.

मग तें शिकवावें कसें? आमचें म्हणणें एवढेंच कीं पोराच्या तोंडीं जें वाक्य आधींच आहे, तेथून सुरुवात करावी.

'वाघानें शेळी मारली' हें वाक्य घ्या. 'शेळी मारली वाघानें' म्हणा, 'मारली वाघानें शेळी' म्हणा, मेली ती शेळीच. कां? वाघाच्या मागें 'नें' हा कासरा बांधला आहे. वाघ वाक्यांत कोठेंही उभा केला तरी मारणारा तोच, हें कळतें. इंग्रजींत हा कासरा नाहीं. तेथें जागा हेंच सर्व कांहीं. 'द टायगर किल्ड द गोट' यांत वाघ आधीं आहे म्हणून त्यानें मारलें. दोघांच्या जागा बदलून 'द गोट किल्ड द टायगर' म्हणतांच शेळीनें वाघ मारला! ही गंमत मुलांस एकदां दाखवावी. वर्ग हंसेल; आणि कर्ता आधीं, क्रियापद मध्यें, कर्म मागून, हा नियम न घोकतां जन्मभर लक्षांत राहील. 'झाडाखालीं' यांतला 'खालीं' इंग्रजींत झाडाच्या पुढें कां येतो, तेंही याच ओघांत सांगतां येतें.

दुसरी गोष्ट आमच्या बोलीची. आमचें पोर घरीं 'तो जाते' म्हणतें. शाळेंत मास्तर त्यास हटकतात: 'तो जातो' म्हण, तुझी भाषा अशुद्ध. डोळ्याला डोया म्हटलें कीं पुन्हां हंशा. पहिलीच्या वर्गांत स्वतःच्या आईची बोली चुकीची ठरल्यावर तें पोर सातवींत इंग्रजी बोलावयास तोंड उघडील, ही आशा कशाला? ग्रियर्सन साहेबाच्या भाषापाहणीचा मराठीवरचा खंड १९०५ सालीं छापला गेला, आणि त्यांत वऱ्हाडीची नोंद भाषेची एक रीत म्हणून आहे. आणि मौज अशी: पुस्तकी मराठींत 'तो जातो', 'ती जाते', 'तें जातें' अशीं तीन रूपें, आमच्या बोलींत तोही जाते आणि तीही जाते, इंग्रजींत 'ही गोज', 'शी गोज', 'इट गोज', सगळ्यांस एकच रूप. म्हणजे ज्या बोलीवर मास्तर हंसतात, ती या जागीं इंग्रजीच्या अधिक जवळ आहे! जाणत्या शिक्षकानें पोराच्या 'तो जाते' यालाच धरून त्यास 'ही गोज' पर्यंत न्यावें. पुस्तकी मराठीही त्यानें शिकावी, अवश्य शिकावी. पण घरच्या बोलीची लाज बाळगून नव्हे.

जेथें इंग्रजी खरोखर अवघड आहे, तेथें मात्र वेळ द्यावा. 'ही वर्क्स' म्हणणारें पोर प्रश्न करतांना 'डज ही वर्क्स?' असें म्हणतें. त्यास पोळ्याची झूल दाखवावी. तो शेवटचा 'स' म्हणजे झूल. साध्या वाक्यांत ती 'वर्क' च्या पाठीवर असते. प्रश्न आला कीं 'डू' पुढें होतो, झूल आपल्या अंगावर घेतो आणि 'डज' बनतो. मग 'वर्क' उघडाच उभा राहतो. एक झूल दोन बैलांवर एका वेळीं घालतां येत नाहीं. भूतकाळांतही तेंच: 'डिड' नें झूल घेतली कीं 'वेंट' चा पुन्हां 'गो' होतो.

तसेंच 'तीन दिवसांपासून पाऊस पडतो आहे' हें वाक्य. मराठींत वर्तमानकाळ आहे म्हणून पोर इंग्रजींतही साधा वर्तमानकाळ घालतें, आणि 'पासून' म्हणून 'फ्रॉम' ठोकून देतें. इंग्रजास तेथें मागून चालत आलेली क्रिया दाखवावयाची असते: 'इट हॅज बीन रेनिंग फॉर थ्री डेज.' आणि पाऊस पोळ्यापासून पडत असेल तर 'सिन्स पोळा'. हा 'फॉर' आणि 'सिन्स' यांचा घोळ पदवीधरांसही सुटलेला नसतो. शेतकऱ्याच्या पोरास तो क्षणांत सुटावा. शेताची लांबी मोजून सांगितली कीं 'फॉर'. धुऱ्याच्या दगडावर बोट ठेवून 'येथून' म्हटलें कीं 'सिन्स'. 'अ' आणि 'द' यांचेंही असेंच आहे. आम्ही एक विहीर खोदली. विहिरीला पाणी लागलें. पहिल्यानें ऐकतों ती 'अ वेल', ओळख झाल्यावर तीच 'द वेल'. मराठींत दुसऱ्या वाक्यांत विहिरीपूर्वीं कांहींच लागत नाहीं, म्हणून मुलें तें विसरतात. ती मंदबुद्धि नव्हे, ती मातृभाषेची संवय आहे. शिक्षकानें दोन्ही भाषा शेजारीं ठेवल्या कीं चूक कोठून आली तें मुलास दिसतें. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्याचें कारण हेंच कीं तींत मराठी वाक्याचें बोट धरून इंग्रजी वाक्याकडे जातां येतें.

आतां व्याकरण मुळींच शिकवूं नये, नुसतें बोलत राहावें, असेंही म्हणणारे आहेत. एन. एस. प्रभु या गृहस्थांनीं १९७९ ते १९८४ या वर्षांत दक्षिण भारतांतल्या कांहीं शाळांत असा प्रयोग केला. नियम बाजूस ठेवून ते मुलांस नकाशे, आगगाडीचीं वेळापत्रकें असलीं कामें देत, आणि काम उलगडतांना भाषा आपोआप वळणीं लागावी अशी योजना असे. त्यांतलें घेण्यासारखें आम्ही घ्यावें. मालेगांवच्या एस.टी. स्थानकावरची वेळ, कीटकनाशकाच्या डब्यावरच्या सूचना, बी-बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, हे आमचे धडे होऊं शकतात. आमच्याच तालुक्यांतल्या एका गांवानें तर 'जऊळका रेल्वे' म्हणून इंग्रजी शब्द नांवांतच घेतला आहे! परंतु नियम अजिबात टाकावा हें आम्हांस पटत नाहीं. शहरांतल्या साहेबाच्या पोरास इंग्रजी घरीं, दारीं, चित्रपटांत ऐकूं येतें. त्याच्या कानास वळण आपोआप पडतें. आमच्या पोरास तें दिवसाकाठीं वर्गांतल्या एका तासापुरतें, आणि तेंही अर्धें मराठींतून. त्यास नियमाची काठी हवी. फक्त काठी चालण्यासाठीं असावी, पाठींत घालण्यासाठीं नव्हे.

यावरून तांबड्या शाईची गोष्ट निघते. दहा ओळींच्या निबंधावर वीस तांबड्या रेघा मारलेल्या वह्या आम्हीं पाहिल्या आहेत. पुढच्या वेळीं तीं पोरें दहाच्या पांच ओळी लिहितात, म्हणजे रेघा कमी पडतात. हा त्यांचा हिशेब चुकीचा नाहीं. निंदणीस गेलेली बाई रोप सांभाळून तण काढते. शिक्षकानें एका आठवड्यास एकच चूक धरावी, आज 'स' ची झूल, पुढच्या सोमवारीं 'अ' आणि 'द', आणि बाकीच्या चुका तोंवर चालूं द्याव्या. पोर लिहितें आहे हेंच मोठें पीक आहे.

महाराष्ट्र सरकारनें २००० सालापासून मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी चालू केलें. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेंत दहावीपर्यंत जाणारें पोर दहा वर्षें इंग्रजी शिकतें. एवढ्या काळांत भाषा येत नसेल, तर केवळ माध्यम बदलून ती येईल, हा भ्रम आहे. जो पाठ मराठी शाळेंत घोकला जातो, तोच इंग्रजी माध्यमांत महाग फी देऊन घोकला जातो. शिवाय तेथें गणित आणि विज्ञानही न समजणाऱ्या भाषेंत घोकावें लागतें. त्या फीच्या पैशांत घरांत गोष्टींचीं सोपीं इंग्रजी पुस्तकें आलीं तर अधिक फायदा होईल. शिक्षकांचीही बाजू सांगितली पाहिजे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण सोडून इतर बिगरशैक्षणिक कामें त्यांस लावण्यास मनाई केली आहे. तरी माहिती भरण्याचे कागद कांहीं संपत नाहींत. दोन शिक्षकांनीं चार-पांच वर्ग सांभाळावयाचे, आणि त्यांतच प्रत्येक पोरास इंग्रजी बोलतें करावयाचें, हें सोपें नाहीं.

आई-बापांस इंग्रजी येत नाहीं म्हणून त्यांनीं हात झटकूं नयेत. रात्रीं जेवण झाल्यावर पोरास म्हणावें, आज शेतांत काय झालें तें पांच वाक्यांत इंग्रजींत सांग, मग तेंच मराठींत सांग. बरोबर-चूक आपणांस कळणार नाहीं, पण पोर अडखळलें कोठें तें कळतें. आणि रोज एकाच ठिकाणीं अडखळत असेल तर दुसऱ्या दिवशीं शिक्षकास तें सांगतां येतें. मायमाऊल्यांनींही हें करावें. सुताराच्या घरीं रंध्याचें, शिंप्याच्या घरीं यंत्राचें वाक्य निघेल. पाठ्यपुस्तकांत तें नसलें तरी बिघडत नाहीं.

आणखी एक हक्क आमच्या लोकांच्या हातीं आहे आणि तो पुष्कळांस ठाऊकही नाहीं. त्याच २००९ च्या कायद्यानें सरकारी शाळांस व्यवस्थापन समिती नेमावी लागते. तींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या समितीच्या बैठकींत भिंतीच्या रंगावर आणि संडासाच्या दारावर बोलणें होतें, तें व्हावेंच. पुढच्या बैठकीस मालेगांव तालुक्यांतल्या पालकांनीं एक मागणी अधिक करावी: सातवीचीं चार मुलें आमच्यासमोर उभीं करा, आणि पुस्तक मिटून त्यांस आपल्या घरच्या कामाविषयीं इंग्रजींत बोलूं द्या. चुकलीं तरी कोणी हंसावयाचें नाहीं. आणि बोलूंच शकलीं नाहींत, तर त्याच बैठकींत शिक्षकांस विचारावें कीं वेळ कमी पडतो, पुस्तकें कमी पडतात, कीं दुसऱ्याच कामांत तुमचा दिवस जातो. आणि जें उत्तर येईल तें ठरावांत लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावें.