कोजागिरीची कात्री

मीरा रोडला राहायला आलो त्या पहिल्याच पावसाळ्यात मी गॅलरीतले तीन गुलाब मारले. फांद्या ग्रिलबाहेर लोंबत होत्या, जुलैतला रविवार मोकळा होता, हातात किचनमधली कात्री होती, एवढं पुरलं. आठवडाभरात कापलेली टोकं काळी पडली. मग तो काळा रंग रोज बोटभर खाली उतरत गेला, थेट बुडापर्यंत. खालच्या मजल्यावरच्या काकू निफाडकडच्या, माहेरी द्राक्षबाग. कुंड्या बघून म्हणाल्या, "अरे, भर पावसात जखम करतात का? आमच्याकडे उघडीप मिळाल्याशिवाय कात्री बाहेर निघत नाही."

तेव्हापासून छाटणी कोजागिरीच्या आसपास. हा मुहूर्त पंचांगातल्या कुठल्या शास्त्राचा नव्हे, साध्या बेरजेचा आहे. छाटल्यापासून फूल यायला साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात. कोजागिरीपासून अश्विनाचे पंधरा आणि कार्तिकाचा महिना मोजा, मार्गशीर्ष लागतो. पहिल्या गुरुवारी घटाला घरचा गुलाब! मावळातले पॉलिहाऊसवाले हेच गणित १४ फेब्रुवारीआधीच्या तोडणीवरून उलटं मोजतात आणि डिसेंबरच्या मध्याला झाडांना हात घालतात. इंग्रजी पुस्तकं मात्र थंडी सरताना छाटा म्हणतात. बरोबरच आहे, तिकडचा गुलाब हिवाळाभर झोपलेला असतो. आपला भाईंदरचा गुलाब झोपतोच कुठे? फेब्रुवारीत छाटलात तर कोवळी फूट नेमकी मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडते.

आता कात्रीचं. किचनमधली नको. नर्सरीत सिकेटर मिळतो तो घ्या, धार बघून. बोथट पात्याने फांदी चेंगरते आणि चेंगरलेली जखम लवकर सडते. आधी वाळकं, काळं पडलेलं आणि काडीसारखं बारीक सगळं मुळापासून काढायचं. एकमेकींना घासणाऱ्या दोन फांद्यांतली एक जाते. मागे चार-पाच जाड, हिरव्या फांद्या राहिल्या की पुरे. त्यांची उंची दीड-दोन वीत ठेवायची.

खरी मजा पुढे आहे. फांदी जवळ घेऊन बघा. पान गळलेल्या जागी चंद्रकोरीसारखा वण दिसतो आणि त्याच्या वर तांबूस टिकली. तो डोळा. झाडाच्या बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा निवडायचा आणि त्याच्यावर पाव इंच सोडून तिरका काप द्यायचा, उतार डोळ्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. आतला गर पांढरट हिरवा दिसला तर ठीक. तपकिरी दिसला तर आणखी खाली या, हात आखडू नका. मग मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट टोकांना लावायची, बुडाशी दोन मुठी शेणखत.

एक फजिती सांगतो. एका वर्षी कलमाच्या जोडाखालून एक फांदी सरसरून वर आली, ताठ, तजेलदार. मी तिलाच राखली आणि बाकीच्या छाटल्या. पानात पाचाऐवजी सात पत्री होत्या, तेही कौतुकाने दाखवत फिरलो. काकूंनी कुंडीतली माती बाजूला करून जोड दाखवला. ती खुंटाची रानटी फूट होती, वरच्या कलमाचं अन्न खाऊन माजलेली. अशी फूट दिसली की जिथून निघाली तिथूनच उपटायची. वरून कापली तर दुप्पट जोमाने येते.

छाटल्यावर झाड भकास दिसतं, घरातले नावं ठेवतात. दहा-बारा दिवस थांबा, डोळे लाल होऊन फुगतात. पण समोर नवा टॉवर उठून गॅलरीतलं ऊन गेलं असेल तर छाटणीनेही काही होणार नाही. गुलाबाला पाच-सहा तास ऊन लागतंच. तिथे सरळ मनीप्लांट लावावा.

यंदा कोजागिरीला दूध आटेपर्यंत चार कुंड्या सहज उरकतील, फक्त दिवा गॅलरीत घ्या, चांदण्यात डोळा दिसत नाही. आणि सिकेटरला आदल्या दिवशीच धार लावून ठेवा.