बोली लावणारे आणि बोली बोलणारे

दि. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० खाजगी एफ.एम. वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. राखीव किंमत ठरली ७८४ कोटी ८७ लाख रुपये. या निर्णयाच्या समर्थनार्थ जी कारणे जाहीर झाली, त्यांत मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांना उत्तेजन मिळेल हे एक ठळक कारण होते. मराठीत ‘बोली’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बोली लावली जाते, दुसरी बोलली जाते. पहिलीच्या हाती दुसरीचे रक्षण सोपविण्याचा हा प्रकार आहे, आणि आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

शहरांतून खाजगी वाहिन्या चालाव्यात, त्यांनी जाहिराती मिळवाव्यात, यास आमची हरकत नाही. परंतु जाहिरातदार भाषेचा वाली नसतो. तो ग्राहकाचा वाली असतो. ज्या डोंगरपट्टीत हातात पैसा खेळत नाही, तेथील भाषेसाठी लिलावात कोण उभा राहणार? तेव्हा मातृभाषेचे नाव पुढे करून लिलाव होणार असेल, तर त्या लिलावाच्या पैशातून मातृभाषेच्या वाट्याला काय येणार, हे विचारण्याचा अधिकार नागरिकांस आहे.

हा प्रश्न आम्ही बडोद्यात बसून विचारीत आहो, यास कारण आहे. बडोदे संस्थानचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. १९४८ च्या अखेरीस ते अखिल भारतीय नभोवाणीत विलीन झाले. त्याच संस्थानात सोनगड येथे १८८५ मध्ये वनवासी मुलांसाठी वसतिगृह निघाले, आणि १९०६ पासून सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व राज्यभर लागू झाले. म्हणजे जंगलपट्टीतील प्रजेचा आवाज आणि राजसत्तेची तिजोरी यांचा संबंध या शहरास नवा नाही. आज शहराच्या पूर्वेस छोटाउदेपूर हा जिल्हा आहे. २०१३ पर्यंत तो बडोदे जिल्ह्याचाच भाग होता. तेथे राठवा समाज राहतो, राठवी बोलतो, आणि नवस फेडताना घराच्या भिंतीवर बाबा पिठोऱ्याचे घोडे काढतो. ते चित्र रंगविले असे तो म्हणत नाही. लिहिले असे म्हणतो. भिंतीवरच्या एकेका आकृतीची ओळख बडवा गाऊन सांगतो. ज्यांची पोथी अशी भिंतीवर असते आणि तिचे वाचन कंठाने होते, त्यांच्या भाषेला छापखान्यापेक्षा नभोवाणीच अधिक जवळची, हे सांगावयास तज्ज्ञाची गरज नाही.

याच परिसरात नंदुरबारच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतून सरदार सरोवरामुळे उठविलेली कुटुंबेही वसविली गेली. त्यांच्या घरात पावरी व भिली; त्यांच्या जमिनीचे कागद मात्र गुजराती किंवा मराठी. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने बोडेली परिसर जलमय झाला. अशा वेळी सूचना कोणत्या भाषेत कानी पडते, यावर म्हातारी माणसे आणि गुरे वाचणे अवलंबून असते. भाषा हा करमणुकीचा विषय आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता कायद्याचे पाहू. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात असा निर्णय दिला की, प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा विनियोग लोकहितार्थच झाला पाहिजे. याचा अर्थ सरकार त्या लहरींचे मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्त म्हणजे काय, हे देवस्थानांशी निगडित असलेल्या आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. देवस्थानच्या विहिरीवर जो अधिक पैसे देईल त्यानेच पाणी भरावे असा ठराव एखाद्या विश्वस्त मंडळाने केला, तर धर्मादाय आयुक्तांकडे पहिला अर्ज आपल्यापैकीच कोणीतरी करील. आकाशाच्या विहिरीवर मात्र तोच ठराव आपण मुकाट्याने ऐकून घेतो!

प्रसार भारतीच्या १९९० च्या कायद्यातील कलम १२ अन्वये देशातील विविध प्रदेशांच्या संस्कृती व भाषा यांना पुरेसे स्थान देणे, आणि अल्पसंख्य व आदिवासी समाजांच्या विशेष गरजा ध्यानात घेऊन कार्यक्रम करणे, ही कर्तव्ये सांगितली आहेत. घटनेचे अनुच्छेद २९ स्वतःची भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या प्रत्येक समाजास ती जतन करण्याचा अधिकार देते. कर्तव्य आहे, अधिकारही आहे. मग उणे कोठे आहे? ते आहे एका शब्दात. समुदाय नभोवाणीचे धोरण २००६ मध्ये बिगरसरकारी संस्थांना खुले झाले. त्यात निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने झाले पाहिजेत अशी अट आहे. परंतु भाषेविषयी म्हटले आहे की, कार्यक्रम ‘शक्यतो’ स्थानिक भाषेत व बोलीत असावेत. वकिलीच्या व्यवसायात ज्यांची उमेद गेली ते जाणतात की, ‘शक्यतो’ या शब्दाने आरंभलेले कर्तव्य न्यायालयाच्या पायरीपर्यंतही पोहोचत नाही.

देशात आज पाचशेच्या आसपास समुदाय नभोवाणी केंद्रे आहेत. साताऱ्यातील म्हसवडचे केंद्र, साणंदजवळच्या मणिपूर गावी सेवा संस्थेने उभारलेला ‘रुडीनो रेडिओ’, तेलंगणातील पस्तापूरच्या स्त्रियांचे ‘संघम रेडिओ’, ही त्यांतील नामांकित उदाहरणे. पण १०० वॅटच्या या केंद्राचा आवाज दहापंधरा किलोमीटरांपलीकडे जात नाही. डोंगर आडवा आला तर तितकाही नाही. स्वतंत्र बातम्या देण्यास त्यांस परवानगी नाही; आकाशवाणीच्याच बातम्या द्याव्या लागतात. सरकारी साहाय्याचा भर यंत्रसामग्रीवर. उरलेला खर्च जाहिरातींतून काढा, असे सांगून २०२४ मध्ये जाहिरातींचा वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटे केला आणि दहा सेकंदांचा दर ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. उत्तम. पण ज्या गावात दुकानेच दोन, तेथे बारा मिनिटे भरावी कोणी? ध्वनिक्षेपक विकत देऊन निवेदिकेचा पगार न देणे म्हणजे देऊळ बांधून पुजारी न नेमण्यासारखे आहे.

जगात याहून वेगळे घडलेले आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील इग्लूलिक या वस्तीने १९७५ व १९७९ अशी दोनदा दूरचित्रवाणी नाकारली. कारण तीत त्यांच्या इनुक्टिटुट भाषेचा मागमूस नव्हता. स्वभाषेतील कार्यक्रमांची सोय झाली, तेव्हाच १९८३ च्या सुमारास त्यांनी तिला गावात येऊ दिले. त्याच १९८३ मध्ये त्या सरकारने उत्तरेतील मूलनिवासी प्रसारणासाठी चार वर्षांकरिता ४ कोटी ३ लाख डॉलरांची योजना काढली. तेरा प्रादेशिक संस्थांना तिचा लाभ मिळाला. पुढे १९९० मध्ये अनुदानाला कात्री लागली, हेही सांगितले पाहिजे. दयेवर दिलेला पैसा दयेबरोबरच आटतो. म्हणून १९९९ मध्ये मूलनिवासींची देशव्यापी दूरचित्रवाहिनी सुरू झाली, तेव्हा ती प्रत्येक वितरकाने दाखविलीच पाहिजे आणि प्रत्येक वर्गणीदारामागे महिना १५ सेंट दिलेच पाहिजेत, असा दंडक घालण्यात आला. न्यूझीलंडमध्ये माओरी लोक तर आपल्या भाषेचा दावा घेऊन प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९९३ मध्ये ते खटला हरले. परंतु त्या वादात भाषेविषयीची सरकारची जबाबदारी मान्य झाली, आणि २००४ मध्ये माओरी दूरचित्रवाणी प्रत्यक्षात आली.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, या भाषा नव्हेत, बोली आहेत. त्यांना लिपी नाही. या नियतकालिकाच्या पानांवर तरी हा आक्षेप कोणी उच्चारू नये. मराठी आणि कोंकणी येथे शेजारी शेजारी छापल्या जातात. कोंकणीलाही ‘बोली’ म्हणून हिणविणारे थोडे नव्हते, आणि त्यांत आमच्या मराठीतील विद्वानांचा वाटा मोठा होता. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला मान्यता दिली, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत गेली, आणि वाद शमला. २०११ च्या जनगणनेत कोंकणी भाषकांची संख्या साडेबावीस लाख आहे. भिली गटातील भाषकांची १ कोटी ४ लाख. तरीही भिली अनुसूचीबाहेरच आहे. संस्कृत ही मातृभाषा सांगणारे त्याच जनगणनेत २४,८२१ आहेत, आणि आकाशवाणीवरून १९७४ पासून संस्कृत वार्ता दिल्या जातात. त्या दिल्या जाव्यात, याचा आम्हांस अभिमान वाटतो. तेथे डोकी मोजली नाहीत, भाषेचे मोल जाणले. मग राठवीपुढे तराजू घेऊन कोणत्या तोंडाने उभे राहावे?

दुसरा आक्षेप : आधी पाणी, रस्ता, दवाखाना, नभोवाणी मागाहून. जणू पाण्याची तक्रार करण्यास तोंड लागत नाही! आमच्या देवळांतून पूजा संस्कृतात होते, पण देवाला गाऱ्हाणे घालावयाचे तर ते आपल्या बोलीत. देवापुढे जे खरे, ते मामलेदारापुढे अधिक खरे आहे. कारण देव मनातले जाणतो, मामलेदार जाणत नाही.

तिसरा आक्षेप : मोबाईल आला, आता नभोवाणी हवी कशाला? छत्तीसगडमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वरा’ने गोंडी भाषकांना साध्या दूरध्वनीवरून बातम्या नोंदविण्याची व ऐकण्याची सोय करून दिली. साधन बदलले, गरज तीच राहिली : बातमी जमविणारा, ती पडताळणारा आणि आपल्या भाषेत सांगणारा मनुष्य पाहिजे, व त्याला वेतन पाहिजे. ज्याला हा खर्च नको असतो, तोच साधनांची यादी वाचून दाखवितो.

गोमंतकीय वाचकांस तर आम्ही वेगळीच आठवण देऊ. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी प्रथम आंबोलीच्या व नंतर कॅसलरॉकच्या रानातून गोव्याच्या मुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. कोंकणी व पोर्तुगीज भाषांतून गेलेला तो आवाज १९६१ पर्यंत घरोघर दबक्या आवाजात ऐकला जात होता. रानातून आपल्या भाषेत आलेला शब्द काय करू शकतो, याचा अनुभव ज्या समाजाने घेतला, त्याने रानातील दुसऱ्या समाजाला ‘तुम्हाला शब्दाची काय गरज’ असे विचारू नये.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. समुदाय नभोवाणीच्या धोरणातून आदिवासी भागांपुरता तरी ‘शक्यतो’ हा शब्द काढावा. जी केंद्रे अनुसूचीबाहेरील भाषांत मुख्यत्वे कार्यक्रम करतील, त्यांना यंत्रांबरोबरच चालू खर्चासाठी किमान पाच वर्षांचे निश्चित अनुदान द्यावे. हा निधी दरवर्षीच्या अंदाजपत्रकी मर्जीवर न सोडता, खाजगी वाहिन्यांच्या लिलावातून व वार्षिक शुल्कातून ठराविक हिस्सा कायद्याने बाजूस काढून उभारावा. आणि या केंद्रांना आपल्या तालुक्याच्या बातम्या स्वतः देण्याची मुभा असावी.

परंतु सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. बडोद्यातच गणेश देवी यांनी १९९६ मध्ये भाषा संशोधन केंद्र स्थापिले, तेजगड येथे आदिवासी अकादमी उभी राहिली, आदिवासी भाषांतून ‘ढोल’ हे नियतकालिक निघाले. आमच्या शहरातील मराठी समाजाने २०१८ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन थाटाने भरविले. २०२४ मध्ये मराठीस अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले. आपल्या भाषेसाठी ज्यांना एवढे करता आले, त्यांच्या देवस्थानांना दरसाल एका राठवी निवेदकाचे वेतन जड जाऊ नये. विश्वस्त मंडळांनी आपल्या न्यासपत्रात शिक्षणाचा व लोकोपयोगाचा उद्देश आहे की नाही, हे पाहून घ्यावे. बहुधा तो सापडेल. मात्र एक पथ्य पाळावे. पैसे द्यावेत, ध्वनिक्षेपक मागू नये. आमची कीर्तने तेथे लावा, अशी अट घातली की दान संपले आणि पुन्हा बोली लावणे सुरू झाले. तेथे काय बोलावयाचे ते त्यांचे त्यांनी ठरवावे. आपण ऐकण्याची सवय लावून घ्यावी.